पाणी कधी सुटतं?

कोकणातल्या नदीचं भरलेपण चार महिन्यांचं. आषाढात ती साकव बुडवते, भाद्रपदापर्यंत गढूळ धावते, दिवाळीला निवळते आणि होळीच्या सुमारास तिच्या पात्रात पोरं स्टंप रोवतात. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात अंतरच एवढं थोडं, की पडलेल्या पाण्याला थांबायला जागा नाही. पावसावर जगणाऱ्या या नद्यांची हीच रीत. त्यांच्या शेजारीच वाहणारी कुंडलिका मात्र वेगळी वागते. रायगड जिल्ह्यात रावळजे ते कोलाड या पट्ट्यात ती ऐन वैशाखातही सकाळी भरून धावते, काही तासांनी ओसरते, काळे दगड उघडे पडतात, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा भरते.

या पट्ट्यावर मार्गशीर्षात कयाक घेऊन उतरायचा बेत आम्ही करतो आहोत. आम्ही म्हणजे बरीच वर्षं एकत्र वल्ही मारणारे तिघं मित्र, त्यांतल्या एकाची बायको आणि यंदा पहिल्यांदाच माझी भाची. तिचा पहिला फोन आला तो असा : "मामा, तिकडे पाऊस चांगला झालाय ना यंदा?"

मी म्हटलं, "पावसाचं नंतर बघू. पाणी कधी सुटतं ते आधी विचार."

"सुटतं म्हणजे? कोण सोडतं?"

तिने सहज विचारलं. पण या नदीवरच्या सहलीची आखणी याच प्रश्नापासून सुरू होते असं माझं ठाम मत आहे. हा प्रश्न न विचारता जो पाण्यात उतरतो, त्याला दीड-दोन तासांची मजा मिळते; कुंडलिका भेटत नाही.

पाणी वरून येतं, मुळशीहून. मुळा ही खरी पूर्वेची नदी. घाटमाथ्यावर उगम पावून ती पुण्याकडे जाते, संगमावर मुठेला भेटते, पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. १९२० च्या दशकात टाटांनी मुळशीला तिच्यावर धरण बांधलं आणि पाण्याचं तोंड पश्चिमेला फिरवलं. बोगद्यातून आणि मग पोलादी नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात कोसळतं. भिरा १९२७ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९१५ मध्ये खोपोली आणि १९२२ मध्ये भिवपुरी झालं होतं. तिन्हीकडे विचार एकच : पूर्वेला निघालेलं पाणी घाटमाथ्यावर अडवायचं आणि पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडायचं. मुंबईच्या गिरण्या या पाण्यावर चालल्या. वीज करून झाल्यावर खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं उल्हासेला आणि भिऱ्याचं कुंडलिकेला. भिऱ्याला ते एका लहान धरणात थांबतं, पुढे रावळज्याजवळच्या छोट्या वीजघरातून जातं आणि तिथून नदीत मोकळं होतं. कोकणातल्या पावसावरच्या नद्या वाळतात त्या दिवसांत कुंडलिकेला येणारं हे पाणी म्हणजे गेल्या पावसाळ्यात मुळशीत साठवलेला, दुसऱ्या खोऱ्यातला पाऊस.

विजेची मागणी वाढते तेव्हा जनित्रं फिरतात आणि जनित्रं फिरतात तेव्हा पाणी वाहतं. पहाटे मुंबईत दिवे लागतात, पंप सुरू होतात, लिफ्ट वरखाली करू लागतात. त्या सगळ्याचा हिशेब या डोंगराच्या पायथ्याशी पाण्यात होतो. एवढंच काय, रात्री वीज शिल्लक असली तर भिऱ्याचं एक यंत्र खालचं पाणी पुन्हा वर चढवतं. आपल्या होडीखालून गेलेला थेंब त्याआधी कितीदा कडा चढून उतरला असेल, सांगता येत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं. नदीचा भरतीओहोटीसारखा क्रम चंद्रावर अवलंबून नाही, शहराच्या दिनक्रमावर अवलंबून आहे.

त्यामुळे आमच्या वहीतली पहिली ओळ पाण्याच्या वेळेची. साधारण सकाळी पाणी सुटतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण "साधारण" या शब्दावर होडी पाण्यात घालता येत नाही. सुट्टीच्या दिवशी विजेची मागणी वेगळी असते, कधी एखाद्या यंत्राची दुरुस्ती निघते, कधी धरणातच पाणी राखून ठेवलेलं असतं. कोलाडकडचा एक मुलगा राफ्टवर गाइडचं काम करतो. त्याला मी आधीच फोन करून ठेवला. तो म्हणाला, "काका, आज विचारून उपयोग नाही. निघायच्या आदल्या रात्री फोन करा, आणि सकाळी नदीवर आल्यावर मला भेटल्याशिवाय उतरू नका." आमच्या वहीतली ही दुसरी ओळ.

वेळ कळली तरी काम संपत नाही. सोडलेलं पाणी बारा-तेरा किलोमीटरच्या पट्ट्यात एकदम भरत नाही, त्याला खाली सरकायला वेळ लागतो. पाण्याचा हा पुढचा काठ चालत असतो आणि आपणही चालत असतो. उतावळेपणाने त्याच्या पुढे गेलो, तर कालच्या ओसरलेल्या पाण्यात दगडांवर बसतो. फार रेंगाळलो, तर शेवटच्या टप्प्यात पाणी पायाखालून निघून जातं. म्हणून निघायचं ते पाणी नीट भरल्यावर, थोडं थांबून. वर्तमानपत्रात पावसाळ्यात "धरणातून इतके क्युसेक विसर्ग" अशी बातमी रोज येते आणि आपण ती पान उलटताना वाचतो. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी. काठावर उभं राहून एका सेकंदात समोरून किती घनफूट गेले असतील याचा अंदाज बांधायची सवय लावून घेतली, की त्या बातमीचा अर्थ कायमचा बदलतो. भाचीला मी हा अभ्यास मुठेच्या काठी, पुलावरून करायला सांगितला आहे.

ती वल्हं धरायला शिकली ती पुण्यातच, संगमाजवळच्या संथ पाण्यात. तिथे तिचा हात चांगला बसला आहे. पोहण्याच्या तलावात कयाक उलटली तर कंबरेच्या एका हिसक्याने ती पुन्हा सरळ करते, म्हणजे तिला रोल येतो. पण तलावात आपण श्वास भरून, ठरवून उलटतो. नदीत उलटतो ते तोंड उघडं असताना, बोलता बोलता, कानात आवाज भरलेला असताना. तलावातला रोल ही सुरुवात आहे, त्यावर नदीची योजना बांधता येत नाही. तिने रोल केला तर उत्तम, नाही जमला तर ती होडीतून बाहेर येऊन पोहत काठाला लागणार, हे धरूनच आम्ही सगळं आखतो आहोत.

खळाळत्या पाण्याच्या कठीणपणाला जगभर एक ते सहा अशा श्रेणी आहेत. एक म्हणजे नुसतं हलतं पाणी, सहा म्हणजे जिथे उतरणं जिवावरचं. कुंडलिकेचे रॅपिड, म्हणजे खळाळ, बहुतेक दोन आणि तीनमध्ये बसतात. ऋषिकेशच्या वरची गंगा याहून खूप मोठी आहे. तीन म्हणजे लाटा ओळीने न येता वेड्यावाकड्या येतात, होडीत पाणी भरू शकतं, दगड चुकवण्यासाठी प्रवाहातच वळावं लागतं आणि पडलो तर बहुधा स्वतःला सावरता येतं, पण सोबत्यांची मदत लागण्याची शक्यता असते. या शेवटच्या वाक्यावर सगळी आखणी उभी असते. एक-दोनच्या पाण्यात फारसं आखलं नाही तरी चालतं, चार-पाचच्या पाण्यात न आखता कोणी जातच नाही. तीनच्या पाण्यातच माणूस म्हणतो, जाऊन तर बघू. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार मागणारी श्रेणी हीच, आणि गंमत म्हणजे तिला "मध्यम" म्हणतात.

शिवाय हा आकडा दगडावर कोरलेला नसतो. त्याच जागी पाणी कमी असेल तर दगडांतून वाट काढण्याची कसरत होते, थोडं वाढलं तर ती जागा सोपी होऊन लाटांवर झुलायला मिळतं, आणखी वाढलं तर दगडामागे असं वळण तयार होतं की त्यात होडी अडकून गोल फिरत राहते. पावसाळ्यात आम्ही जात नाही त्याचं कारण हेच. तेव्हा वीजघराच्या पाण्यात डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांचं पाणी मिसळतं, धरणाचे दरवाजे उघडू शकतात आणि कुंडलिकेने धोक्याची पातळी ओलांडल्याच्या बातम्या रोह्याहून येतात. भिऱ्याजवळ देवकुंडाचा धबधबा आहे, कुंडलिकेचा उगम तिकडचाच मानतात. त्या कुंडात किती तरुण पोरं बुडाली. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन तिथे बंदी घालतं आणि लोक आडवाटेने जातात. नदीच्या बाबतीत सरकारी मनाई आणि माझं मत सहसा जुळत नाही, इथे पूर्ण जुळतं.

आता पाण्याच्या आतली गोष्ट. प्रत्येक रॅपिडच्या वर आम्ही काठाला लागून चालत पुढे जाणार आहोत, निदान भाचीने पाहिलेले नाहीत ते सगळे. उभं राहून वाट वाचायची. वरून पाहताना पाण्यात गुळगुळीत जीभ दिसते, तिचं टोक खालच्या दिशेला. ती मोकळी वाट. जिथे टोक वरच्या दिशेला, आपल्याकडे रोखलेलं दिसतं, तिथे दगड आहे, दिसो न दिसो. हे एवढं कळलं की अर्धा रॅपिड कळला. उरलेला अर्धा म्हणजे थांबायच्या जागा. मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलटं, वर चढत असतं. आमच्यात त्याला एडी म्हणतात. गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर माणसांच्या लोंढ्यातून निसटून दुकानाच्या पायरीवर उभं राहावं, तशी ती जागा. समोरून सगळं धावत असतं आणि आपण श्वास घेत असतो. नवख्याला वाटतं की रॅपिड एका दमात, डोळे मिटून पार करायचा असतो. मुरलेला माणूस तो पायरीपायरीने उतरतो : या एडीत थांबायचं, मागच्याला येऊ द्यायचं, पुढचं पाहायचं, मग निघायचं. आमच्या वहीत प्रत्येक खळाळापुढे पहिला रकाना एडीचा आहे, वाटेचा दुसरा.

या रॅपिडना राफ्टवाल्यांनी नावं दिली आहेत : मॉर्निंग हेडेक, बूम शंकर, जॉनी वॉकर. पर्यटकांना ती आवडतात. काठच्या गावांची त्या डोहांना, धारांना स्वतःची नावं असणारच. वाडीत विचारून ती वहीत उतरवायचं काम भाचीकडे दिलं आहे. मला ते रोलच्या सरावाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या डोहाला गावाने नाव दिलं आहे त्याच्याबद्दल गावाला काहीतरी माहीत असतं : तिथे कोण बुडालं, गुरं कुठून पार होतात, कुठला दगड पाण्याखाली असताना दिसत नाही.

होड्यांचा क्रम ठरला आहे. सर्वांत अनुभवी मित्र पुढे, त्याने खाली पोहोचून एडीत उभं राहायचं. मग त्याची बायको. तिसरी भाची, तिच्या मागे मी. दुसरा मित्र शेवटी, आणि त्याच्या पुढे कोणीतरी दिसत असल्याशिवाय त्याने हलायचं नाही. प्रथमोपचाराची पेटी, जादा वल्हं आणि दोर शेवटच्या होडीत. पुढच्या होडीतही दोर, कारण उलटलेला माणूस वाहत खाली येतो, वर जात नाही. दोर फेकणारा रॅपिडच्या शेजारी उभा राहून भागत नाही, तो रॅपिड संपतो तिथे हवा. पंधरा-वीस मीटरचा दोर पिशवीत सैल भरलेला असतो, टोक हातात धरून पिशवी फेकायची, पोहणाऱ्याच्या अंगावरून पलीकडे पडेल अशी. हे अंगणात शंभरदा करून पाहिलं तरी कमीच. आमच्या सोसायटीच्या मैदानात संध्याकाळी आम्ही हा सराव करतो तेव्हा शाळकरी मुलं जमतात आणि तीही फेकून बघतात. त्यांतल्या एका मुलीचा नेम आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला आहे.

पाण्यात आवाज पोहोचत नाही म्हणून खुणा. वल्हं उभं धरलं तर या, आडवं धरलं तर थांबा. शिट्टी एकदा म्हणजे इकडे बघा, तीनदा म्हणजे मदत हवी. आणि भाचीला फोनवर, समोर, जेवताना, जिथे भेटेल तिथे एकच वाक्य सांगतो आहे : पडलीस तर उभी राहू नकोस. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असताना उभं राहिलं, की पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवून खाली दाबतं. गुडघाभर, मांडीभर पाण्यातही असे जीव गेले आहेत. पाठीवर आडवं व्हायचं, पाय खालच्या दिशेला, चवडे पाण्याबाहेर दिसतील असे, आणि काठ जवळ आला की पालथं होऊन जोराने पोहायचं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. अंगातल्या ताकदीचा विचार करून जे लोक उतरतात, त्यांनी हे गणित एकदा शांतपणे करावं.

सामानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पायात बंद बूट. चप्पल नाही. चष्म्याला दोरी. अंगठी, साखळी, मंगळसूत्र गाडीतच. लाइफ जॅकेटचे बंद दुसऱ्याने ओढून पाहायचे, स्वतः नव्हे.

गाड्यांचा मात्र विचार करावा लागतो. एक गाडी खाली, जिथे बाहेर पडायचं तिथे आधी नेऊन ठेवायची आणि दुसरीतून सगळ्यांनी वर यायचं. नदीच्या बाजूने रस्ता आहे हे या पट्ट्याचं मोठं सुख. मध्येच कोणाला थांबावंसं वाटलं, तर शेत ओलांडून रस्त्याला लागता येतं. मोबाइलची रेंज सगळीकडे नाही. मोठ्या दवाखान्यासाठी रोहा किंवा माणगाव. दोन्हीकडचे रस्ते नकाशात पाहून ठेवायचे, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी त्यातला एक चालवूनही बघायचा. बाहेर पडायची जागा पाण्यातून ओळखता आली पाहिजे म्हणून गाडी ठेवताना काठावर जाऊन तिच्यासमोरचं झाड, दगड, पायवाट नीट बघून यायची. याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे, कारण खाली डोलवहालचा बंधारा आहे. त्यावरून पाणी वळतं ते कालव्यांनी शेतीला जातं. भातखाचरांना त्याचा आधार आहे. बंधाऱ्याचं पाणी वरून पाहिलं तर अगदी सरळ, शांत दिसतं. पण कुठल्याही बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी काठापासून काठापर्यंत एकसारखं उलटं फिरतं, त्यात सापडलेल्याला पुन्हापुन्हा भिंतीकडे ओढतं, आणि दगडामागच्या भोवऱ्याला जशी बाजूला फट असते तशी तिथे नसते. सगळ्या रॅपिडमधून हसत आलेल्या माणसानेही बंधाऱ्यापासून दूरच बाहेर पडलं पाहिजे. तिथे धाडस दाखवायला काही जागा नाही.

दुपारी पाणी ओसरलं की नदी गावाची होते. बायका धुणं घेऊन उतरतात, गुरं पाण्यावर येतात, कुठे कोणी जाळं टाकतं. आम्ही शहरातून येणारे ही नदी सकाळचे दीड-दोन तास पाहतो आणि तिला कुंडलिका म्हणतो. गेल्या काही वर्षांत इथे राफ्टिंगवर बरीच घरं चालू लागली आहेत. गाइडमध्ये आधी नेपाळची, ऋषिकेशकडची मुलं दिसायची, आता कोलाड, सुतारवाडीकडचीही दिसतात, आणि त्यांना पाणी वाचताना बघणं ही मोठी शिकवणी आहे. म्हणून स्वतःच्या होड्या असल्या तरी आम्ही स्थानिक माणूस बरोबर घेतो, त्याची मजुरी ठरवून देतो आणि जेवण वाडीतल्याच घरी सांगतो. नदी वापरायची आणि काठाला काही द्यायचं नाही, हे मला पटत नाही.

राहिला रस्ता. मुंबईचे लोक पनवेल, पेण, नागोठणे करत महामार्गाने कोलाडला येतात. आम्हाला पुण्याहून दोन वाटा होत्या. एक्स्प्रेसवेने खोपोलीला उतरून पाली करत जाणं काहींना बरं वाटत होतं. मी ताम्हिणीचा आग्रह धरला. पौडवरून मुळशी, ताम्हिणी घाट, खाली विळे आणि मग नदी. या रस्त्याने आपण पाण्याच्याच मार्गाने खाली येतो. फक्त ते डोंगराच्या पोटातून येतं आणि आपण घाटातून.

हा रस्ता धरून मुळशीला थांबायचं ठरवलं आहे त्याला दुसरंही कारण आहे. या जलाशयाच्या तळाशी गावं आहेत. बावन्न गावांची नोंद सांगतात. भाताची, आंबेमोहोराची जमीन होती ती. आमच्या घरी आजी तांदूळ निवडताना मुळशीच्या आंबेमोहोराची आठवण काढायची. तो सुवास तिने लहानपणी घेतलेला. धरणाचं काम सुरू झालं तेव्हा जमीन द्यायला मावळातले शेतकरी तयार नव्हते. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याच्या पुढे होते. बापटांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली. मावळ्यांनी, त्यांच्या बायकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. तीन वर्षांनी लढा मोडला आणि पाणी चढलं. धरणाने विस्थापित होणाऱ्यांनी संघटित होऊन दिलेल्या जगातल्या पहिल्या लढ्यांमध्ये त्याचं नाव घेतात. नर्मदेच्या आंदोलनाच्या कितीतरी आधी हे पुण्याच्या उंबरठ्यावर झालं. पुण्यातली मुलं ताम्हिणीत पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला जातात, त्यांतल्या किती जणांना हे शाळेत कोणी सांगितलं आहे?

आणि प्रश्न जुनाच राहिलेला नाही. भीमेच्या खोऱ्यात खाली सोलापूरकडे दुष्काळ पडतो तेव्हा दरवेळी मागणी होते की घाटमाथ्यावरून पश्चिमेला सोडलं जाणारं पाणी पूर्वेला, त्याच्या मूळ वाटेने द्या. वीज आज दुसरीकडूनही मिळू शकते, पिण्याचं पाणी मिळत नाही, असं मागणाऱ्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला इतक्या वर्षांत कोकणातली शेती, कारखाने, गावांच्या नळयोजना याच पाण्यावर उभ्या राहिल्या, त्यांचं काय हाही खरा प्रश्न आहे. मी या वादातला तज्ज्ञ नाही, पण वल्हं मारणारा म्हणून माझी बाजू मला स्पष्ट दिसते. उद्या पाण्याचा न्याय्य हिशेब झाला आणि त्यात कुंडलिकेच्या सकाळच्या लाटा कमी झाल्या, तर माझी तक्रार असणार नाही. आमचा आनंद या पाण्याच्या वाटणीत शेवटचा भागीदार आहे आणि तो शेवटचाच असावा.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, म्हणजे मी शिकले ते मुळेत, आणि उतरणार तेही मुळेतच." तिच्या वहीत आता दोन पानं वाढली आहेत. एकावर रॅपिडची यादी आणि एडीच्या खुणा, दुसऱ्यावर मुळशीहून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत पाण्याचा काढलेला नकाशा, त्यात बोगदा तुटक रेषेने. तिने उतरायचं की नाही ते ती स्वतः काठावर, पाणी पाहून ठरवणार आहे. तिला तसं निक्षून सांगितलं आहे, आणि बाकीच्या चौघांनाही. आदल्या रात्री हो म्हटलेल्या माणसाला सकाळी नाही म्हणता आलं पाहिजे आणि त्यावर कोणी एक शब्द बोलता कामा नये. नवख्यांना बरोबर नेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी कबूल करावं, मगच बेत करावा.

पुण्याहून कुंडलिकेवर जाणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पहाटे उठून धावत जाऊ नका, आदल्या दुपारी निघा. ताम्हिणीच्या रस्त्याने जा आणि मुळशीच्या जलाशयाच्या काठी गाडी थांबवून बरोबरच्या मुलांना सांगा की या पाण्याखाली गावं आहेत आणि उद्या सकाळी आपण याच पाण्यावर होडी घालणार आहोत. दुपारी निघालं, तर तिथे थांबूनही अंधार पडायच्या आत कोलाडला पोहोचता येतं.